१९७१च्या फुटबॉल संघाबद्दल एक दुरुस्ती

(१९७२च्या अकरावीच्या तुकडीच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मघाशी माझी ओळख ‘आपल्या वेळच्या फुटबॉल संघाचा कर्णधार’ अशी करून दिली, तेव्हा मागच्या बाजूला दोघंतिघं मोठ्यानं हसले. ते हसणं मी ओळखतो. ते माझ्याच संघातले आहेत. बाकीच्यांसाठी सांगतो. १९७१-७२ साली आपल्या शाळेचा फुटबॉल संघ पाच सामने खेळला आणि पाचही हरला. आम्ही पंचवीस गोल खाल्ले आणि एक केला. तो एकसुद्धा खरं तर आम्ही केलेला नव्हता, पण ते पुढे सांगतो.

हे आज मुद्दाम सांगायचं कारण असं की त्या वर्षीच्या शाळेच्या वार्षिकांकात वेगळंच छापलेलं आहे. क्रीडा विभागाच्या अहवालात वाक्य आहे: ‘युद्धजन्य परिस्थितीमुळे यंदा फुटबॉलचे सामने होऊ शकले नाहीत.’ हे वाक्य माझं आहे. पन्नास वर्षं ते तसंच राहिलं. आजच्या भाषणांची स्मरणिका निघणार आहे असं कळलं, म्हणून ही दुरुस्ती करायला उभा राहिलो आहे.

आपलं शिरूर म्हणजे घोडनदी. कुस्ती, हुतूतू, खो-खो हे आपले खेळ. फुटबॉल हा दौंडचा. तिथे रेल्वेची मोठी वसाहत, कुठकुठल्या मुलखातली माणसं नोकरीनिमित्त येऊन राहिलेली, आणि त्यांची पोरं चालायला लागली की चेंडूला लाथ मारायला लागायची. आपल्याकडे हा खेळ आणला तो पी.टी.च्या सरांनी. सर लष्करातून निवृत्त होऊन आलेले. त्यांना वाटायचं, शिरूरच्या पोरांच्या पायात ताकद आहे, तेव्हा फुटबॉल जमेल. ताकद होती. चेंडू कुठे जाईल एवढंच सांगता यायचं नाही.

सामान काय होतं तेही ऐका. एक चामड्याचा चेंडू, आत ब्लॅडर, वर नाडी. डोक्यानं खेळलं आणि नेमकी नाडी लागली तर कपाळावर वळ उठायचा. ब्लॅडर फुटलं की सायकलवाल्याकडून ठिगळ लावून आणायचं, शिवण उसवली की चांभाराकडे जायचं. बूट संघात दोघांकडे. बाकीचे कॅनव्हासचे बूट घालून, नाहीतर अनवाणी. गोलचे खांब बांबूचे, वर आडवी दोरी. आणि मैदान! त्या वर्षी पाऊस कमीच झाला होता. पुढच्या वर्षीचा मोठा दुष्काळ आपण सगळ्यांनी पाहिला, पण त्याची चाहूल त्या मैदानाला आधीच लागली होती. पडलं की गुडघा सोलून निघायचा.

पहिला सामना ऑगस्टमध्ये घरच्या मैदानावर, दौंडच्या एका शाळेशी. चार शून्य. दुसरा पुण्यात, पावसात. चिखल आम्ही जन्मात एवढा पाहिला नव्हता. सात शून्य. त्यावर अधिक बोलत नाही. तिसरा नोव्हेंबरात नगरला, तीन एक. या सामन्यात आमच्या नावावर गोल लागला. त्यांच्या बॅकनं आपल्या गोलीकडे चेंडू मागे दिला, गोली बुटाची नाडी बांधत होता, आणि चेंडू हळूहळू गोलमध्ये गेला. आम्ही अकरा जण जागच्या जागी उभे राहून तो जाताना बघत होतो. एस.टी.त शिरूर येईपर्यंत गाणी म्हटली.

त्या नगरबद्दल जाता जाता एक. नंतर वाचनात आलं की १९७१च्या उत्तरार्धात सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल नगरच्या चिलखती दलाच्या केंद्रात प्रशिक्षण घेत होते आणि युद्ध जवळ आल्यावर तिथूनच आपल्या पलटणीकडे गेले. पलटण पूना हॉर्स. या पूना हॉर्सची छावणी एकोणिसाव्या शतकात आपल्या शिरूरला होती, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? खेत्रपालांचा जन्मही पुण्याचा. १६ डिसेंबर १९७१ला बसंतरच्या लढाईत ते पडले, तेव्हा एकवीस वर्षांचे होते. आमच्यापेक्षा चारपाच वर्षांनीच मोठे. नगरच्या रस्त्यावर कधी आमच्या एस.टी.शेजारून गेले असतील तर आम्ही त्या वेळी त्या गोलची गाणी म्हणत असणार.

आता आमच्या गोलीबद्दल. त्याचं नाव घेत नाही. तो तिसऱ्या रांगेत बसला आहे आणि नाव घेतलंस तर उठून जाईन असं त्यानं मला बजावलं आहे. तो मूळचा दौंडचा. वडील रेल्वेत ड्रायव्हर, कोळशाच्या इंजिनावर. ड्युटीच्या वेळांचा काही नेम नाही, आई सतत आजारी, म्हणून त्याला शिकायला आजोळी, शिरूरला मामाकडे ठेवलेलं. संघात फुटबॉल खऱ्या अर्थानं येत होता तो त्या एकट्याला. तो नसता तर पंचवीसचे पन्नास झाले असते. पण पोरांच्या मनात एक बारीकसा काटा होता: हा दौंडचा. दौंडविरुद्ध खेळताना त्यांची पोरं त्याला नावानं हाक मारायची, हा हसून हात करायचा. त्या वयात एवढंही पुरतं.

३ डिसेंबरला, शुक्रवारी, संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले. मध्यरात्रीनंतर इंदिराबाईंचं भाषण झालं. रेडिओ असलेल्या घरांच्या ओसरीवर माणसं जमली होती, ते तुम्हाला आठवत असेल. आणि दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, दौंडला आमचा चौथा सामना ठरलेला होता.

सामना होणार की नाही हे विचारायची सोय नव्हती. सर सकाळी एस.टी. स्टँडवर येऊन उभे राहिले. म्हणाले, “निरोप आला नाही म्हणजे सामना आहे.” स्टँडवर आम्ही नऊ जण पोचलो. दोघांना घरच्यांनी सोडलं नाही. दौंड जंक्शन आहे, बॉम्ब टाकायचा तर आधी तिथेच टाकतील, असं एकाच्या आजीचं म्हणणं. चुकीचं नव्हतं म्हातारीचं. शिरूरला रेल्वे नाही म्हणून आपण कायम कुरकुरतो, त्या आठवड्यात कोणी कुरकुरलं नाही. गोली गुरुवारीच आईला बघायला दौंडला गेला होता. तो थेट मैदानावर येणार होता. तो आला. नऊचे दहा झालो. दहा जणांनी खेळलो.

पाच शून्य. पहिले दोन गोल कोणीही अडवू शकलं नसतं. तिसरा मात्र साधा, सरपटत आलेला चेंडू. तो त्याच्या दोन पायांमधून गेला. चौथ्याला तो हललाच नाही. पाचव्यानंतर त्यांचा सेंटर फॉरवर्ड त्याच्याजवळ गेला, खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलला, आणि यानं मान डोलावली. मी मैदानाच्या मध्यावरून हे पाहिलं.

परतीची गाडी अंधारातली. हेडलाइटच्या वरच्या अर्ध्या काचेला काळा रंग फासलेला, आतले दिवे बंद. गावं ओळखू येत नव्हती. तोही आमच्याबरोबर शिरूरला परत येत होता, माझ्या पुढच्या बाकावर, खिडकीला डोकं टेकून. सर पार पुढे ड्रायव्हरमागे बसलेले. कोणी बोलत नव्हतं, आणि मला ती शांतता सहन झाली नाही. मी म्हणालो, “फितूर आहे तू.”

नेहमीच्या दिवशी हा शब्द पोरांच्या तोंडी हुतूतूच्या मैदानावर दहादा येतो. पण युद्धाला चोवीस तास झालेले. त्या गाडीत तो शब्द कसा पडला हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. एकानंही ‘अरे’ म्हटलं नाही. कोणी हसलंही नाही. त्यानं मागे वळून पाहिलं नाही. मला वाटलं, झोपला असेल.

सोमवारी तो संघात राहिला नाही. सरांना काय सांगितलं मला ठाऊक नाही. वर्गात तो आणि मी अकरावी संपेपर्यंत एका बाकाच्या अंतरावर बसलो आणि एक शब्द बोललो नाही.

त्याच आठवड्यात शाळेच्या मैदानात खंदक खोदायचं ठरलं. आठवीपासूनच्या सगळ्या मुलांनी खोदला. पहार मारली की ठिणगी उडायची एवढी जमीन कडक. नागमोडी खंदक नेमका उत्तरेकडच्या गोलमागून गेला. खिडक्यांना काळे कागद लागले, भोंग्याची तालीम झाली, मुली सैनिकांसाठी मोजे विणायला बसल्या. त्यातले काही मोजे दोन्ही एकाच पायाचे झाले होते, हे समोर बसलेल्या काहींना मान्य नसेल. १६ तारखेला, गुरुवारी, ढाक्याला शरणागती झाली. आपण गावातून मिरवणूक काढली, साखर वाटली. मी घोषणा देत पुढे होतो. तो मिरवणुकीत होता की नाही, मी पाहिलं नाही.

जानेवारीत पाचवा सामना पुन्हा घरच्या मैदानावर झाला. खंदक अजून बुजवलेला नव्हता. गोलमध्ये आपला एक हुतूतूवाला उभा केला. त्याला चेंडू हातानं धरायचा असतो हे पटेपर्यंत तीन झाले. एकूण सहा. त्यातले दोन चेंडू खंदकात गेले, एकदा चेंडूबरोबर त्यांचा विंगरही.

मग फेब्रुवारीत वार्षिकांकाचं काम निघालं. सरांनी मला सांगितलं, “कर्णधारानं लिहायचं. जे झालं ते लिही.” मी रात्री बसलो. पाच आकडे एकाखाली एक लिहिले आणि खोडले. मग ते वाक्य सुचलं. युद्धाचं नाव घातलं की कोणी विचारणार नव्हतं. खरंच कोणी विचारलं नाही. सरांनी अहवाल वाचला, चष्मा काढला, परत घातला, आणि न बोलता कागद छापायला दिला.

नोकरीतून मोकळा झाल्यावर मी या खेळाचं बरंच वाचलं. बहुधा त्या वाक्याला कुठे आधार सापडतो का ते बघत असेन. सापडलाही. इंग्लंडमध्ये १९३९ साली लीगचे तीन-तीन सामने झाले आणि महायुद्ध सुरू झालं. हंगाम थांबला, झालेले निकाल नोंदींतून काढून टाकले. तेव्हा ब्लॅकपूलचा संघ तिन्ही सामने जिंकून पहिला होता. बिचारे! आपल्याकडे ४ सप्टेंबर १९६२ला जकार्त्याच्या आशियाई स्पर्धेत भारतानं दक्षिण कोरियाला दोन एकनं हरवून फुटबॉलचं सुवर्णपदक जिंकलं, आणि महिना-दीड महिन्यात चीनचं आक्रमण आलं. त्या वर्षीची ड्युरंड स्पर्धा झालीच नाही. म्हणजे युद्ध खेळ पुसून टाकतं हे खरं आहे. मी पुसलं ते युद्धानं पुसलं नव्हतं, एवढाच फरक.

आणि उलटंही वाचलं. आमच्या त्याच साली, १९७१मध्ये, पूर्व बंगालमधून आलेल्या खेळाडूंनी ‘स्वाधीन बांगला’ नावाचा संघ काढला. झकारिया पिंटू त्याचा कर्णधार. देश अजून जन्मायचा होता, आणि यांनी नदिया जिल्ह्यात कृष्णनगरला आपला झेंडा मैदानावर फडकवून पहिला सामना खेळला, दोन-दोन बरोबरीत. भारतभर खेळून मुक्तिलढ्यासाठी पैसे जमवले. मुंबईलाही खेळले, आणि समोरच्या संघातून आपले क्रिकेटवाले टायगर पतौडी उतरले होते. मायदेशात घरंदारं जळत असताना ती माणसं चेंडूमागे धावत होती. आम्हाला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी ते वाक्य लिहिलं नसतं असं म्हणायला मला आवडेल, पण खात्री देत नाही.

आता या वर्षीची गोष्ट. स्मरणिकेसाठी जुने फोटो, पत्रं गोळा करायचं काम आमच्याकडे होतं. सर जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या मुलानं एक पिशवी आणून दिली. त्यात सरांची खाकी पुठ्ठ्याची वही निघाली. प्रत्येक सामन्याला एक पान. तारीख, खेळाडू, गोल, आणि खाली एकदोन ओळी. नगरच्या पानावर लिहिलंय: ‘गोल मिळाला. मुलांना सांगितले नाही की तो आपला नव्हे.’ जसं काही आम्हाला माहीतच नव्हतं.

४ डिसेंबरच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेलं आहे ते जसंच्या तसं वाचतो. ‘दहा मुले. ५-०. गोलीचे वडील रात्री स्पेशल घेऊन गेले. मुलगा रात्रभर स्टेशनवर. डोळे लाल. घरी जा म्हटले, तर म्हणाला नऊ होतील. खेळवायला नको होते. चूक माझी.’

ही वही मी माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून वाचली. सौ.नं विचारलं, काय झालं. मला सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याचा नंबर मिळवला आणि फोन केला. पन्नास वर्षांनी. त्यानं फोनवर जे सांगितलं ते असं. शुक्रवारी रात्री कॉलबॉय घरी आला, वडिलांना कामावर बोलवायला. त्याच दिवशी ते दुसऱ्या गाडीवरून परतले होते, अंग टेकलंही नव्हतं. पुण्याकडून मनमाडला जाणारी गाडी दौंडला आली की तिचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडावं लागायचं. म्हणजे प्रत्येक स्पेशल दौंडला थांबणार. जवान, ताडपत्रीखाली झाकलेल्या गाड्या, खोकी, सगळं अंधारात उभं राहणार. कोळशाचं इंजिन अंधारात लपवायचं कसं? भट्टीचं दार उघडलं की आभाळ लाल. तरी स्टेशनावर एक दिवा नाही. वडिलांना डबा द्यायला हा गेला, आणि कॉलनीतल्या बायका चहा, पुऱ्या घेऊन आल्या होत्या, त्यांच्याबरोबर बादली घेऊन डब्याडब्याला पाणी देत सकाळपर्यंत थांबला. त्या रात्री दौंडच्या संघातली चार-पाच पोरंही तिथेच बादल्या घेऊन होती. म्हणजे तीही न झोपता खेळली आणि तरी आम्हाला पाच गोल मारले, हे तो मुद्दाम सांगून हसला.

मी विचारलं, त्यांचा सेंटर फॉरवर्ड तुझ्या खांद्यावर हात ठेवून काय म्हणाला? म्हणाला, “तुझ्या बापाची गाडी नगरच्या पुढे गेली, कंट्रोलला निरोप आलाय. त्याचा बाप कंट्रोलला होता.”

मग मी त्याला ती गाडीतली गोष्ट काढली. माफी मागायची होती, वाक्य जुळवून ठेवलं होतं. त्यानं पूर्ण होऊ दिलं नाही. म्हणाला, “मी जागा होतो रे.” आणि थोडा वेळ दोघंही गप्प. मग म्हणाला, “आबांना मी कधी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, खेळायचं का सोडलंस? मी म्हटलं, अकरावीचं वर्ष आहे.”

त्याचे वडील सोमवारी दुपारी परत आले होते. तोंड कोळशानं काळं, आणि आल्या आल्या त्यांनी पहिलं विचारलं होतं, मॅच काय झाली.

तर मित्रहो, संपादक मंडळाला माझी विनंती आहे. वार्षिकांकातलं ते वाक्य रद्द समजावं आणि स्मरणिकेत पुढील नोंद छापावी. १९७१-७२, फुटबॉल: दौंड, पराभव ०-४. पुणे, पराभव ०-७. नगर, पराभव १-३, गोल प्रतिस्पर्ध्यांचा. दौंड, ४ डिसेंबर १९७१, पराभव ०-५, दहा खेळाडू. घरचं मैदान, जानेवारी, पराभव ०-६. पहिल्या चार सामन्यांतला गोली हा संघातला सर्वांत चांगला खेळाडू होता.

काल संध्याकाळी जेवणाआधी हा मजकूर मी त्याला दाखवला. त्यानं चष्मा लावून वाचला आणि म्हणाला, ४ डिसेंबरला सहा झाले होते. एक चेंडू आडव्या दोरीला घासून आत गेला, पंचाला दिसला नाही, त्यानं स्वतःच काढून बाहेर टाकला होता. सरांच्या वहीत पाच आहेत. मी त्याला म्हटलं, वहीप्रमाणेच छापू. तो म्हणाला, दुरुस्ती करतोयस ना, मग पुरती कर.

तेव्हा संपादकांनी कृपया सहा करून घ्यावेत.